कळूनही न मावळणारा रस्ता

घरातल्या टेबलाला स्टेअरिंग आवळून, समोर पडदा मांडून आणि पायाशी पेडल ठेवून मोटारशर्यतीचा खेळ खेळण्याची जी रीत गेल्या दोन-तीन दशकांत रुळली आहे, तिच्याकडे बहुधा करमणूक, खर्च किंवा व्यसन या अंगांनीच पाहिले जाते; परंतु भारतीय तत्त्वचिंतनाला रथ, सारथी, लगाम आणि वाट यांची जी जुनी ओढ आहे ती ध्यानात घेतली, तर या मांडणीत भ्रम, कर्ता आणि कर्मफल यांविषयीचे काही जुने प्रश्न नव्या रूपात एकत्र आलेले दिसतात. कठोपनिषदात शरीराला रथ, आत्म्याला रथात बसलेला स्वामी, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे मानले असून, रूप, शब्द, स्पर्श आदी विषय या त्या घोड्यांच्या वाटा होत, असे सांगितले आहे. घरातील शर्यतखेळात हे रूपक उलटे होते: रथ जागचा हलत नाही, घोडे मुळात नसतातच, आणि वाटा मात्र धावत येऊन बसलेल्याच्या डोळ्यांत शिरतात.

या स्थितीचे त्याहून जवळचे वर्णन बृहदारण्यकोपनिषदात सापडते. याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्था समजावून सांगतात तेव्हा ते उदाहरणादाखल नेमकी वाहने, त्यांना जोडलेली जनावरे आणि रस्ते यांचीच निवड करतात. यांपैकी काहीही स्वप्नात वस्तुतः हजर नसते, पाहणारा ते सारे स्वतःच घडवतो आणि म्हणूनच तो कर्ता ठरतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यावरून पुढे ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वप्नातील सृष्टी खरी की मायामात्र असा वाद उभा राहिला, आणि शंकराचार्यांनी भाष्यात एक अगदी व्यवहारी हरकत नोंदवली: देहाच्या अरुंद जागेत रथ मावणार कसा? घरातील शर्यतखेळाला हीच हरकत दहा बाय दहाच्या खोलीच्या बाबतीत घेता येते. मात्र एक फरक उरतो, आणि या लेखाचा सारा भर त्या फरकावर आहे. स्वप्न पाहणाऱ्याला ते स्वप्न आहे हे जागे झाल्यावर कळते. खेळणाऱ्याला समोरचा रस्ता खोटा आहे हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असते, तरीही वळणावर त्याचे अंग कलते, आणि भिंत जवळ आली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. ज्ञान झाले की भ्रम जातो हा वेदान्ताचा सर्वांना परिचित असलेला सिद्धान्त येथे कसा लावावयाचा?

हा प्रश्न बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या युसूफ वडगावात बसून विचारण्यास कारण आहे. शेजारच्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, आणि परंपरेने शके 1110, म्हणजे इ. स. 1188, हा ज्याचा काळ मानला जातो तो त्यांचा 'विवेकसिंधू' मराठीत अद्वैत मांडण्याचा आरंभ म्हणून ओळखला जातो. त्याच अंबाजोगाईत 1551 ते 1615 या काळातले दासोपंत होऊन गेले, ज्यांनी गीतेवर 'गीतार्णव' हे सव्वा लाख ओव्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले भाष्य रचले. गावाच्या नावात जो 'युसूफ' हा शब्द आहे, ते ज्या पैगंबरांचे नाव, त्यांची ख्याती कुराणाच्या बाराव्या सूऱ्यात स्वप्नांचा अर्थ लावणारे म्हणून आहे. तेव्हा स्वप्न, भ्रम आणि त्यांचे फळ यांविषयी बोलावयाचे तर या परिसराला शब्द उसने आणावे लागत नाहीत. आणि स्टेअरिंगचे म्हणावे, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांमुळे या जिल्ह्यात ते किती हातांना ठाऊक आहे हे वेगळे सांगावयास नको.

अशा घरात हा संच लावताना पहिली अडचण घट्टपणाची येते. स्टेअरिंग टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळावे लागते, आणि टेबल हलके किंवा घडीचे असेल तर पहिल्याच जोरदार वळणात ते स्टेअरिंगबरोबर उचलले जाते. पेडलांचा संच शहाबादी फरशीवर घसरतो, म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवतात किंवा त्याखाली रबराचा तुकडा, नाहीतर ओले गोणपाट घालतात. चाके असलेली खुर्ची तर अगदीच निकामी ठरते, कारण ब्रेक दाबणारा पाय जितक्या जोराने पुढे रेटतो तितक्याच जोराने खुर्ची मागे जाते. खऱ्या गाडीत ब्रेक लागताच शरीर पुढे झुकते, आणि येथे नेमक्या त्याच क्षणी ते भिंतीकडे मागे सरकू लागते. या क्षुल्लक दिसणाऱ्या तपशिलात वेदान्ताचा एक मोठा नियम दडलेला आहे. भ्रम कधीही निराधार नसतो, त्याला अधिष्ठान लागते, असे अद्वैती सांगतात. अधिष्ठान म्हणजे ज्यावर भास उमटतो ती खरी वस्तू. दोरी नसेल तर साप दिसणार नाही. त्याच न्यायाने टेबल डुगडुगत असेल तर रस्ताही दिसत नाही, दिसते ते डुगडुगणारे टेबल. म्हणून जो जितका मन लावून खोट्या रस्त्यावर धावू इच्छितो, तो तितका अधिक वेळ खऱ्या बोल्टांवर, खऱ्या पाट्यांवर आणि खुर्चीच्या खऱ्या पायांवर घालवतो.

पडद्याच्या बाबतीत शंकराचार्यांची जागेची हरकत आकड्यांत मांडता येते. 27 इंची पडदा सुमारे 60 सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर ठेवला तर दृष्टीसमोरचा जवळजवळ 53 अंशांचा कोन व्यापतो, आणि 120 सेंटिमीटरवर नेला तर तो कोन जेमतेम 28 अंश उरतो. खेळाच्या मांडणीत हा कोन भरावा लागतो, आणि त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. खरा कोन भरला तर पडदा म्हणजे भिंतीत पाडलेली एक खिडकी होते: तिच्यातून जे दिसते ते खऱ्या आकाराचे व खऱ्या अंतरावरचे दिसते, पण बाजूची गाडी किंवा वळणाची आतली कड दिसत नाही. बहुतेक जण म्हणून तो कोन वाढवतात, 90 अंशांचे दृश्य 53 अंशांच्या जागेत कोंबतात. तसे केले की वस्तू लहान व दूर भासतात, वेग असतो त्यापेक्षा जास्त वाटतो, आणि ब्रेक कोठे दाबावा याचा अंदाज चुकत जातो. जास्त पाहण्याच्या लोभाने पाहणेच बिघडते, एवढे निरीक्षण पुरे; त्याचे प्रवचन करण्याची आवश्यकता नाही. जाणकार मंडळी यावर उपाय म्हणून पडदा स्टेअरिंगच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवतात, त्याची मधली रेघ डोळ्यांच्या उंचीला आणतात, आणि कोन खोटा वाढवण्याऐवजी अंतर खरोखरच कमी करतात.

तिसरे अंग हातांचे आहे, आणि तत्त्वतः तेच सर्वांत महत्त्वाचे. जुन्या स्वस्त स्टेअरिंगमध्ये स्प्रिंग असे; चाक कितीही फिरवले तरी ते ठरावीक ओढीने मध्यावर परत येई, आणि रस्ता डांबरी आहे की वाळूचा याची हाताला काही गंधवार्ता नसे. नंतर 'फोर्स फीडबॅक' नावाची सोय आली. तिच्यात चाकाच्या दांड्याला मोटार जोडलेली असते, आणि खेळातील गाडीच्या पुढच्या टायरांवर त्या क्षणी किती जोर यावा याचा हिशेब संगणक सेकंदाला शेकडो वेळा करून तेवढा पीळ चाकाला देतो. दातेरी चक्रांवर चालणाऱ्या साध्या संचात हा पीळ 2 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तर चाक थेट मोटारीच्या दांड्यावर बसवलेल्या संचात 5, 8 किंवा त्याहूनही जास्त. खऱ्या गाडीत वळणावर पुढच्या टायरांनी पकड सोडली की स्टेअरिंग एकाएकी हलके होते, आणि ही हलकेपणाची सूचना अनुभवी ड्रायव्हरला डोळ्यांआधी तळहाताला मिळते. चांगला संच तेवढे नेमके पोचवतो. कठोपनिषदाचे रूपक वाचताना लगाम म्हणजे सारथ्याने घोड्यांना दिलेला हुकूम एवढाच अर्थ घेण्याची सवय जडली आहे, परंतु ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला ठाऊक असते की कासरा दोन्हीकडून बोलतो. बैल दमला, बुजला, एकाने अंग चोरले, हे सारे कासऱ्यातून हातात येते. मनाला लगाम म्हटले ते बहुधा याही कारणाने असावे: इंद्रियांची ओढ बुद्धीपर्यंत पोचवणारे माध्यम मनच आहे. स्प्रिंगचे चाक हे एकतर्फी मन म्हणता येईल, ज्याला हुकूम देता येतो पण खबर आणता येत नाही.

या तिन्ही अंगांची बेरीज किती होते आणि काय बाकी राहते, हे मोजण्यासाठी अंबाजोगाईतच एक माप उपलब्ध आहे. दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्तविषय सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर लिहिला, ज्याला पासोडी म्हणतात. पंचीकरण म्हणजे आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांपासून स्थूल जग कसे घडते याची उपपत्ती: प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या निम्म्यात बाकीच्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. या भूतांचे गुण अनुक्रमे शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध. खेळातील जग या हिशेबाने तपासले तर पडद्यातून रूप येते, कर्ण्यातून शब्द येतो, चाकातून स्पर्शाचा एक तुटपुंजा अंश येतो. रस आणि गंध मुळीच येत नाहीत. म्हणजे आप आणि पृथ्वी यांच्यावाचूनचे, तीनच भूतांचे हे जग आहे, आणि तापलेल्या क्लचचा वास किंवा फुफाट्याने दाताखाली येणारी कचकच ज्याने अनुभवली आहे त्याला ही उणीव तत्काळ जाणवते. खेरीज शरीराला बसणारा हिसका, म्हणजे वेग बदलताना कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाला मिळणारी जाणीव, जुन्या यादीत स्वतंत्रपणे मांडलेलीच नाही, आणि घरच्या संचातही ती नसते. डोळे धावतात आणि तोल स्थिर राहतो, या विसंगतीने पुष्कळांना पहिल्या काही दिवसांत मळमळते. देहाने दिलेला तो प्रामाणिक निषेध आहे असे म्हणता येईल. पासोडी आणि पडदा यांच्यातला एक भेद जाता जाता नोंदवण्यासारखा आहे. 40 फुटांचे कापड वाचावयाचे तर वाचणाऱ्याला चालावे लागते आणि अक्षरे जागच्या जागी राहतात. पडद्यापुढे बसणारा जागच्या जागी राहतो.

आता हा भ्रम कोणत्या जातीचा, ते ठरवता येते. दोरीवर साप दिसणे हा अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीच्या धर्मांचा अजाणता झालेला आरोप. दिवा आणला की तो संपतो. घरातील खेळात दिवा पहिल्यापासून लागलेला असतो, कित्येकदा खोलीतली ट्यूबलाईटही चालू असते, तेव्हा हा अध्यास नव्हे. नैयायिकांनी अशा ज्ञानाला आहार्य असे नाव दिले: वस्तू तशी नाही असा निश्चय मनात असतानाच, केवळ इच्छेने उभे केलेले तिच्याविषयीचे उलट ज्ञान. मुखाला चंद्र म्हणणारा कवी असेच ज्ञान उभे करतो. काश्मिरी आलंकारिक शंकुक याने नाट्याच्या संदर्भात याहूनही नेमका दृष्टान्त योजला, आणि अभिनवगुप्ताने त्याचे मत खोडून काढताना तो जतन केला, तो चित्रतुरगन्याय म्हणजे चित्रातल्या घोड्याचा. भिंतीवरचा घोडा पाहून 'हा घोडा' असे जे ज्ञान होते ते खरे नव्हे, खोटे नव्हे, संशयाचे नव्हे आणि निव्वळ सादृश्याचेही नव्हे. ते या चारांहून निराळे असते, आणि रंगमंचावरील नटाला राम म्हणून पाहणारा प्रेक्षक त्याच जातीच्या ज्ञानाने पाहतो. पडद्यावरची मोटार ही आजचा चित्रतुरग होय. पण शंकुकाच्या भिंतीवरच्या घोड्याला लगाम नव्हता. चित्रातल्या घोड्याचा लगाम पाहणाऱ्याच्या हातात आला आणि तो घोडा ओढूही लागला, तर त्या ज्ञानाला काय म्हणावे हे कोणत्याही आलंकारिकाने सांगितलेले नाही, कारण तशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

त्या जागी पुन्हा वेदान्ताकडे वळावे लागते. बाधितानुवृत्ती ही त्याची संज्ञा आहे: बाधित म्हणजे खोटे ठरलेले, अनुवृत्ती म्हणजे मागून चालू राहणे. मृगजळ हे पाणी नव्हे हे कळल्यावर मनुष्य घागर घेऊन धावत नाही, पण ते दिसावयाचे थांबत नाही. ज्ञान झालेल्या पुरुषाला जग असेच दिसत राहते, असे आचार्य सांगतात. घरातील खेळणारा ज्ञानी नव्हे, हे उघड आहे. मात्र ज्ञान्याच्या स्थितीचे जे वर्णन सामान्य वाचकाला अशक्य कोटीतले वाटते, म्हणजे खोटे आहे हे पक्के ठाऊक असून त्यात पूर्ण दक्षतेने वागणे, ते एका मर्यादित क्षेत्रात कोणत्याही पोराला करता येते, हे येथे दिसून येते. फरक एवढाच, की ज्ञानी जगाविषयी निःस्पृह असतो आणि हा खोट्या जगातल्या एका सेकंदाच्या दहाव्या भागासाठी रात्र जागवतो. मिथ्यात्वाचे ज्ञान आणि वैराग्य या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हा निष्कर्ष अनेक प्रवचनकारांना अडचणीचा वाटेल. तो टाळण्यात अर्थ नाही.

खोट्यापासून खरे फळ मिळते का, हा पुढचा प्रश्न. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी तो स्वतःवर ओढवून घेतला आहे, कारण सारेच मिथ्या असेल तर मिथ्या शास्त्राने खरे ज्ञान कसे होईल असा आक्षेप होता; विष चढल्याच्या नुसत्या शंकेनेही माणसे मरतात, असा दाखला देऊन त्यांनी असत् कारणापासून खरे कार्य होऊ शकते हे मान्य केले. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तील ध्यानदीप प्रकरणात यासाठी संवादी भ्रम ही संज्ञा येते. दाराच्या फटीतून येणाऱ्या दोन उजेडांना दोन माणसे रत्न समजून धावली. दोघेही चुकले, कारण उजेड म्हणजे रत्न नव्हे, पण एक उजेड दिव्याचा होता आणि दुसरा खरोखरच रत्नाचा, म्हणून दुसऱ्याची चूक त्याला रत्नापर्यंत घेऊन गेली. हा दृष्टान्त बौद्ध तार्किक धर्मकीर्तीपासून चालत आला आहे. युसूफांच्या कथेत हेच राजाच्या स्वप्नाच्या रूपाने येते: सात रोड गाई सात धष्टपुष्ट गाईंना खातात, आणि त्यावरून युसूफ सात सुकाळाच्या वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला देतात. गाई स्वप्नातल्या होत्या, धान्य मात्र खरे होते. केज तालुक्यातल्याच धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठल्यामुळे 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना रोड गाईंचा अर्थ फोडून सांगण्याचे कारण नाही.

शर्यतखेळाचा भ्रम संवादी ठरल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण यान मार्डनबरो या ब्रिटिश तरुणाचे आहे. 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळाच्या आधारे घेतल्या जाणाऱ्या निवड स्पर्धेत तो 2011 साली जिंकला आणि 2013 साली ल मां येथील 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या वर्गात तिसरे स्थान मिळवले; घरच्या चाकाचा उजेड त्याच्यापुरता रत्नाचाच होता. परंतु याच चालकाच्या आयुष्यात 28 मार्च 2015 हा दिवसही आहे, ज्या दिवशी जर्मनीतील नुरबुर्गरिंगवर त्याची गाडी उंचवट्यावरून हवेत उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यात कोणाचा दोष होता याचा विचार येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाचे हे, की 2023 साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटात हा अपघात ल मांच्या यशाच्या आधी दाखवला आहे, जणू तो मृत्यू नायकाने पार करावयाची एक पायरी होता. खऱ्या क्रमात यश आधी आले आणि मृत्यू नंतर. कर्माचा क्रम बदलण्याचा हा अधिकार खेळाने माणसाला शिकवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण खेळात तो अधिकार एका बटणावर ठेवलेला असतो हे खरे: 'पुन्हा सुरुवात'.

खेळाचे खरे वेगळेपण या बटणात आहे. भ्रमाच्या बाजूने त्यात आक्षेप घेण्यासारखे थोडे आणि फळाच्या बाजूने पुष्कळ आहे. कर्मसिद्धान्तात केलेले कर्म क्रियमाण असते, ते साठले की संचित होते, आणि संचितातले जे भोगावयास लागते ते प्रारब्ध. बटण दाबताच क्रियमाणाचा संचिताशी असलेला दुवा तुटतो. याची एक बाजू चांगली आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे ठरेल. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली ती जनावरांच्या यातनांच्या कारणाने, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा मान्य केला तोही त्या यातना टाळण्याच्या अटींसह. पडद्यावरच्या शर्यतीत अशी अट घालावीच लागत नाही, कारण तेथे पराणी टोचण्यास कातडे नाही. दुसरी बाजू 'फार्मिंग सिम्युलेटर' या खेळात दिसते, ज्याला हेच स्टेअरिंग जोडता येते आणि ज्यात उसाचे पीकही आहे. त्यात ऊस तोडणारे यंत्र आहे, ट्रॅक्टर आहे, भरलेली ट्रॉली आहे; कोयता नाही, उचल नाही, पाचटाच्या खोपीत पोर ठेवून फडात उतरणारी बाई नाही. ज्या जिल्ह्यातून ही माणसे दरवर्षी जातात तेथे बसून तो खेळ खेळणाऱ्याला काय वगळले गेले आहे ते सांगावे लागत नाही.

फळ तुटले की खेळही बेचव होतो, हे खेळ रचणाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी कर्मसिद्धान्त मागच्या दाराने परत आणला. 2008 साली सुरू झालेल्या 'आयरेसिंग' या ऑनलाइन शर्यतीत प्रत्येक चालकाच्या नावावर चुकांची नोंद होते: चाके रस्त्याबाहेर गेली तर एक गुण, गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीला जोराची धडक बसली तर चार, आणि या नोंदींवरून कोणाला वरच्या दर्जाच्या शर्यतीत प्रवेश द्यावयाचा ते ठरते. या व्यवस्थेचा सर्वांत विलक्षण नियम असा, की ती दोष कोणाचा हे पाहतच नाही. मागच्याने धडक दिली तरी पुढच्याच्याही खात्यात तेवढेच गुण चढतात. यावर खेळणाऱ्यांची तक्रार कायमची असते, आणि ती तक्रार अडीच हजार वर्षांची आहे हे त्यांतल्या थोड्यांना माहीत असेल. चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म होय असे बौद्धांचे म्हणणे. जैनांनी त्यावर हेतू नसलेल्या कृतीलाही, प्रमाद म्हणजे बेसावधपणा असल्यास, बंध मानला. वेरूळला या दोन्ही मतांची लेणी एकाच डोंगरात कोरलेली आहेत. या वादात 'आयरेसिंग' जैनांच्याही पलीकडे गेलेली दिसते, कारण ती बेसावधपणाचाही शोध घेत नाही. तिचा तर्क एवढाच, की दीर्घ काळात जो वारंवार धडकांच्या जागी सापडतो त्याने ती जागा निवडलेली असते. प्रारब्धाची याहून रोखठोक व्याख्या मिळणे अवघड आहे, मग ती पटो वा न पटो.

बटणाने फळ पुसले तरी एक गोष्ट पुसली जात नाही, आणि ती म्हणजे संस्कार. संस्कार म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला वळणाचा ठसा, जो पुढच्या कृतीला आपल्या बाजूला ओढतो. तो ठसा अनुभव खरा होता की खोटा हे विचारीत नाही, हे सर्व दर्शनांना कमीअधिक मान्य आहे. हजार वेळा ब्रेकवर गेलेला पाय हजार एकाव्या वेळी रस्त्यावरच्या खऱ्या ट्रॅक्टरमध्येही तसाच जाईल, आणि भिंतीला हजार वेळा निर्धास्तपणे धडकलेला पायही तसाच जाईल. या संस्काराचे दृश्य रूप खेळात एके ठिकाणी समोर येते. एकट्याने वेळ लावून फेरी मारताना, आधीच्या उत्तम फेरीत आपण कोठे होतो ते दाखवणारी एक पारदर्शक गाडी पडद्यावर पुढे धावत असते. इंग्रजीत तिला 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे भूत. मराठीत हा शब्द जितका फळतो तितका मुळात फळत नाही. भूत म्हणजे पिशाच, भूत म्हणजे होऊन गेलेला काळ, आणि भूत म्हणजे पंचीकरणातले मूळ द्रव्य. आपलेच होऊन गेलेले आपल्यापुढे धावत असते, त्याच्या अंगातून आरपार जाता येते पण त्याला धक्का देता येत नाही, आणि ते हरले की त्याच क्षणी त्याला हरवणारा नवे भूत होतो. दासोपंतांच्या कापडावर हा चौथा अर्थ मावला असता की नाही, हा तर्काचा विषय आहे.

बाधितानुवृत्तीसाठी शास्त्रात नेहमीचा दृष्टान्त कुंभाराच्या चाकाचा आहे. सांख्यांनीही तो वापरला आणि वेदान्त्यांनीही: कुंभाराने दांडी उचलली, मडके उतरवले, तरी चाक आधीच्या वेगाने काही काळ फिरत राहते, आणि ज्ञानोत्तर देह तसाच प्रारब्ध संपेपर्यंत राहतो. टेबलाला आवळलेल्या चाकाचे असे होत नाही. युसूफ वडगावात फेरीच्या मध्यावर वीज गेली, तर मोटारीचा पीळ त्याच क्षणी निघून जातो आणि चाक हातात सैल, वजनहीन होऊन पडते. पडदा काळा होतो, वळण अर्ध्यावर नाहीसे होते. काही क्षण चालू राहतात ते हात. ते अंधारात चाक धरून, नसलेल्या वळणाच्या आतल्या कडेला, थोडेसे डावीकडे वळलेले असतात.